चौथ्या डब्याचं झाकण

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पत्रातून वाकता येत नाही हे मला कळतं, पण मशीनरूममधलं टेबल इतकं बुटकं आहे की इथे बसून लिहिणारा माणूस वाकलेलाच असतो.) तुमचा गुडघा कसा आहे? डावा की उजवा हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. मामींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे आईची तब्येत बरी, माझी मध्यम, आणि तुमच्या जावईबापूंची उत्तम. त्यांची तब्येत बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. सर्दीसुद्धा त्यांना होते ती अशी, की समोरच्याला वाटावं आपल्यालाही व्हायला हवी होती.

हे पत्र केवळ खुशालीचं आहे. मला काही मागायचं नाही आणि कुणाची तक्रार करायची नाही. तुमचं पत्र पोचलं, एवढं कळवावं म्हणून बसलो. त्यात तुम्ही लिहिलं आहे की जावईबापूंनी लिहिलेलं सिनेमाचं पत्रक तुम्हाला फार आवडलं, आणि ते तुम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. वाचून आनंद झाला. गेली सहा वर्षं दर महिन्याला मी लिहिलेली पत्रकं तुम्हाला पाठवत आलो, ती एकूण बहात्तर झाली. ती कशाखाली ठेवली आहेत हे मी विचारत नाही. काच लहान असेल.

त्याच पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की आता डोळे साथ देत नाहीत, तेव्हा फिल्मची तुटलेली टोकं जोडायचा तुमचा पितळी स्प्लायसर ‘ज्या माणसाला सिनेमा कळतो त्या माणसाकडे’ द्यावा असा विचार आहे. विचार चांगला आहे. मी तो चार वेळा वाचला. आधी पत्रकाचं कौतुक, मग दोन ओळी गुडघ्यावर, आणि मग लगेच हे वाक्य. मी काही अर्थ काढत नाही.

पण इकडे काय काय घडलं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुम्हाला माहीत आहेच की नववीत शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला तुमच्या थिएटरच्या मशीनरूममध्ये उभं केलंत आणि हे काम शिकवलंत. थिएटर बंद झाल्यावर तुमच्याच शब्दावर मला या वाचनालयाच्या फिल्म क्लबात जागा मिळाली. वरच्या मजल्यावरचा हॉल, एकशे दहा खुर्च्या (त्यातल्या चार मोडक्या, त्यांच्यावर मी चिठ्ठ्या लावल्या आहेत), एकच मशीन, आणि दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता खेळ. एकच मशीन असल्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लावावे लागतात. सिनेमे बहुतेक हॉलिवूडचे, जुने, काळे-पांढरे. त्यांतलं इंग्रजी इतकं भरभर असतं की क्लबातली निम्मी माणसं माना डोलावतात आणि उरलेली त्यांच्याकडे बघून डोलावतात. म्हणून महिन्यातल्या मुख्य सिनेमासाठी मी एक पत्रक काढायला लागलो. शुक्रवारी एकटा बसून सिनेमा बघायचा, गोष्ट आपल्या भाषेत क्रमाने लिहायची, शब्दकोशात प्रत्येक अवघड शब्द बघायचा, आणि दारात वाटायचं. वाचनालयाच्या चिटणीसबाई एकदा म्हणाल्या होत्या की पत्रक वाचलं की सिनेमा नाही बघितला तरी चालतं. हे त्या कौतुकाने म्हणाल्या असं मी धरून चाललो आहे.

या हंगामात बाईंनी विषय ठरवला, परदेशातल्या राजकारणावरचे हॉलिवूडचे सिनेमे. बंडं, उठाव, पळून जाणारे राजे, कट करणारे सेनापती. मला हे सिनेमे मनापासून आवडतात. जगाचा जो काही इतिहास मला येतो तो मी याच सिनेमांतून, दोन-दोन तासांच्या तुकड्यांत शिकलो. हॉलिवूडच्या दृष्टीने परदेश म्हणजे एक धुळीचा चौक, एक कारंजं, एक घाम पुसणारा पोलीस अधिकारी आणि एक अमेरिकन बातमीदार, जो तिथे नसता तर त्या लोकांना आपल्याला स्वातंत्र्य हवं आहे हे कळलंच नसतं, हे मलाही दिसतं. पण मी एका पत्रकात लिहिलं होतं, ‘सिनेमावाल्यांनी तारखा हलवल्या आहेत, माणसांची दुःखं हलवलेली नाहीत.’ हे वाक्य तुम्हाला आवडलं होतं. तुम्ही तसं कळवलंही होतंत. ते पत्र माझ्याकडे आहे.

नेमकी याच वेळी जावईबापूंची बदली इकडे झाली. तुमचीच लेक चिमणी त्यांना दिलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर बिऱ्हाड, तेव्हा त्यांना क्लबात न्यायला मीच गेलो. माझ्या हाताने पास लिहून दिला. त्यांचं नाव मी दोन शाईंत लिहिलं होतं. (एके काळी आईने चिमणीसाठी तुमच्याकडे माझा विषय काढला होता आणि तुम्ही ‘आधी त्याला दहावी तर होऊ दे’ म्हणाला होतात. तो विषय मी केव्हाच विसरलो. तो गुरुवार होता. त्यानंतर चिमणी मला दादा म्हणायला लागली, तेही बरंच झालं.)

जावईबापूंची नोकरी वजनमापं तपासण्याची. दिवसभर दुकानादुकानांतून फिरून कुणाचं किलोचं वजन किती ग्रॅमने खोटं आहे ते पकडायचं. शनिवारी साहेब मोकळे असतात, पण डोळे मोकळे नसतात. पहिल्याच खेळाला, सिनेमा संपून दिवे लागले, लोक चपला शोधत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून ते उठले, खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, “एक छोटीशी दुरुस्ती.” मग सतरा दुरुस्त्या सांगितल्या. बंडखोरांच्या हातातली बंदूक त्या बंडानंतर अकरा वर्षांनी तयार झाली. रस्त्यावरची ट्राम त्या शहरात कधी नव्हतीच. सेनापतीच्या कोटाला बटणं दोन जास्त. राजदूताच्या मागचा झेंडा उलटा. लोक परत बसले. ज्यांना सिनेमा कळला नव्हता त्यांना तो चुकीचा आहे हे कळल्यावर फार समाधान झालं. तेव्हापासून शनिवारची गर्दी वाढली, आणि ती सिनेमासाठी नव्हती. काही जण तर शेवटच्या रिळालाच येऊ लागले.

मी वरच्या चौकोनी खिडकीतून बघत होतो. तुम्ही म्हणायचात, मशीनवाल्याने खिडकीतून पडदा बघावा, माणसं बघू नयेत. मला आता पडदा दिसेनासा झाला. पहिल्या रांगेतलं एक डोकं तेवढं दिसे, मागून, आणि त्याच्या शेजारी चिमणीची वेणी. मामा, मला त्यांचा राग नाही. ते चांगले आहेत. भेटले की माझ्या पाठीवर थाप मारतात आणि चारचौघांत मला ‘आमचे मशीनवाले’ म्हणतात. तीच थाप थोडी खाली बसली असती तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं, म्हणजे मला निदान तक्रार तरी करता आली असती.

मग एके दिवशी चिटणीसबाईंनी मला बोलावलं. त्या कागद सारखे करत होत्या, तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, यापुढे पत्रक जावईबापू लिहितील, तू मशीनकडे लक्ष दे, तुझ्यावर भार फार पडतो. मी म्हटलं, मला भार वाटत नाही. त्या म्हणाल्या, “अरे, तुला वाटत नाही, पण पडतो.” जावईबापूंच्या पहिल्या पत्रकात (ते तुमच्या काचेखाली आहे) गोष्ट नव्हतीच. गोष्ट सांगणं बाळबोध, असं त्यांचं मत. त्याऐवजी त्या देशात खरं काय घडलं ते कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलं होतं. मला एकही चूक सापडली नाही. मी तीन वेळा शोधली.

आता पुढचं मी तुमच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. पत्रक माझ्याकडून गेल्यावर शुक्रवारी सिनेमा बघून ठेवायचं मी सोडलं. ज्याचं पत्रक त्याने बघावं. (त्यांनीही बघितला नव्हता. त्यांनी इतिहासाचं जाडं पुस्तक बघितलं होतं.) त्या शनिवारचा सिनेमा एका छोट्या देशातल्या बंडाचा, सहा डब्यांचा, डब्यागणिक एक रीळ. डब्यांच्या झाकणांवर वितरकाकडच्या माणसाने खडूने आकडे खरडले होते, एक बदकासारखा आणि एक खुर्चीसारखा. मला असलं बघवत नाही. शिवाय त्या दिवशी जावईबापू मशीनरूम बघायला वर येणार असं चिमणी म्हणाली होती. तेव्हा मी सहाही झाकणं काढली, ओल्या फडक्याने पुसली, सुबक अक्षरांत आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहून डिंकाने चिकटवल्या, आणि खिडकीशी ओळीने वाळत ठेवली. चिठ्ठ्या छापल्यासारख्या दिसत होत्या. वाळल्यावर झाकणं डब्यांवर बसवली. जावईबापू आले नाहीत. खालीच त्यांच्याभोवती लोक जमले होते.

तुम्ही पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतंत ते मला पाठ आहे. रिळाच्या सुरुवातीला जी पट्टी असते तिच्यावरचा आकडा वाच, मग रीळ चढव, डब्यावर विश्वास ठेवू नकोस. सहा वर्षं मी तो आकडा वाचला. त्या दिवशी नाही वाचला, कारण चिठ्ठी माझ्याच हातची होती आणि माझ्या अक्षरावर मी अविश्वास कसा दाखवू? आणि रीळ चढवताना मी खिडकीतून खाली बघत होतो, कारण चिटणीसबाई जावईबापूंना माझ्याच पत्रकांच्या जुन्या गठ्ठ्यातून काहीतरी दाखवत होत्या आणि ते हसत होते. चौथ्या रिळाला मशीनच्या दिव्यासमोरचं झाकण मी क्षणभर लवकर उघडलं. पडद्यावर काहीतरी चमकून गेलं. मी लक्ष दिलं नाही.

तर मामा, तिसऱ्या रिळात देशाचे राष्ट्राध्यक्ष सेनापतीला म्हणाले की उद्या मी संसदेत बोलणार. दिवे लागले, विझले, आणि पुढच्या रिळात राष्ट्राध्यक्षांना रेल्वे स्टेशनवर गोळी लागली. मोठी अंत्ययात्रा निघाली. घोडे, ढोल, काळे बुरखे, खड्ड्यात माती. हॉलमध्ये दोघी-तिघी रडल्या. दिवे लागले, विझले, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष हसत हसत मोटारीतून उतरले, संसदेत वीस मिनिटं भाषण केलं, सेनापतीला मिठी मारली आणि राजदूताच्या बायकोबरोबर नाच केला. मी डब्याकडे बघितलं. चौथ्या डब्याचं झाकण पाचव्यावर होतं आणि पाचव्याचं चौथ्यावर, दोन्हींवरचे आकडे अतिशय सुंदर. आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. सहाव्या रिळात भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा काळी फीत लावलेला फोटो होता. म्हणजे ते मधल्या काळात परत गेले असावेत.

मला वाटलं, आता लोक वर येणार आणि मला खाली फेकणार. माझी नोकरी गेली, तुमचा शब्द गेला. तेवढ्यात जावईबापू उठले. वही काढली. “एक छोटीशी दुरुस्ती,” म्हणाले. मामा, त्यांनी बटणं आणि बंदुका सोडूनच दिल्या. म्हणाले, प्रत्यक्ष इतिहासात हे गृहस्थ घरी, बिछान्यावर, तापाने गेले. हॉलिवूडने त्यांना गोळी घातली, ते एक वेळ सोडून देऊ. पण परक्या देशाच्या वेदनेबद्दल ही माणसं किती बेफिकीर असावीत, की ज्याला आपण मघाशी पुरलं तो जिवंत आहे की मेला एवढंही त्यांना लक्षात राहू नये? त्यांचा आवाज भरून आला. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की मोडक्या खुर्च्यांतली एक पडली. पुढच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांनी तेवढा विरोध केला. ते म्हणाले, ही चूक नाही, हे प्रतीक आहे, लोकनेता मरत नाही. त्यावरही टाळ्या झाल्या. थोडक्यात, ते गृहस्थ इतिहासात तापाने गेले, सिनेमात गोळीने गेले, आणि आमच्या हॉलमध्ये गेलेच नाहीत.

माझी अवस्था तुम्हीच समजू शकाल. ज्या माणसाला आयुष्यात एकदा तरी चुकताना बघावं अशी माझी इच्छा, तो माझ्या डोळ्यांदेखत शंभर माणसांसमोर इतका मोठा चुकला, आणि ते जगात मला एकट्याला माहीत. पण त्यांचं हसं करायचं तर आधी माझं झाकण उघडावं लागणार. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माझं पत्रक दारात वाटलं गेलं असतं तर ही चूक झाली त्या क्षणी प्रत्येकाला कळली असती, कारण माझ्या पत्रकात माणसं क्रमाने मरतात. हे सांगायला गेलो असतो तर हा मत्सराने बोलतो असं लोक म्हणाले असते. (मत्सर हा शब्द मी कोशात बघितला. त्यात बरंच काही दिलं आहे, ते सगळंच मला लागू पडत नाही.)

तेवढ्यात लोकाग्रह सुरू झाला. ज्यांचा खेळ हुकला त्यांना मेलेला राष्ट्राध्यक्ष नाचताना बघायचा होता. बाईंनी तोच सिनेमा परत मागवला आणि महाविद्यालयातल्या इतिहास मंडळाच्या सात जणांना आमंत्रण दिलं. हा खेळ परवाच्या शनिवारी झाला. मी ठरवलं, या वेळी रिळं बरोबर लावायची. एकेक पट्टी वाचून, आकड्यावर बोट ठेवून. मेलेला माणूस मेलेलाच राहील आणि सात विद्वानांसमोर जावईबापू उघडे पडतील. कुणी मला विचारलंच तर ‘मागच्या वेळी प्रतच तशी आली होती’ हे वाक्य मी आरशासमोर म्हणून ठेवलं होतं. आरशाला ते पटलं होतं.

जावईबापूंनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं, अंत्ययात्रेनंतर नीट बघा. राष्ट्राध्यक्ष संसदेत बोलले, नाचले, मग स्टेशनवर गेले, गोळी लागली, माती पडली. दिवे लागले, विझले. सगळा हॉल खुर्चीच्या कडेवर आला. फोटोला काळी फीत. सिनेमा संपला, आणि पुरलेले गृहस्थ काही उठले नाहीत. विद्वान एकमेकांकडे बघायला लागले. चिटणीसबाई कागद सारखे करायला लागल्या. मामा, खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं अर्धं मिनिट होतं.

जावईबापू उठले. वही बंद केली, खिशात ठेवली. “एक छोटीशी दुरुस्ती,” म्हणाले. “तीन आठवड्यांपूर्वी मी या चुकीबद्दल वितरकांना पत्र लिहिलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही. त्यांनी दुरुस्त केलेली प्रत पाठवली.”

टाळ्या खाली रस्त्यावर ऐकू गेल्या म्हणतात. इतिहास मंडळाच्या अध्यक्षांनी उठून हात मिळवला. एका सामान्य प्रेक्षकाच्या पत्राने हॉलिवूडला इतिहास दुरुस्त करावा लागल्याचं हे त्यांच्या माहितीतलं पहिलंच उदाहरण आहे म्हणाले. त्यांना ते खरंच वाटतं, मामा, हेच वाईट आहे. जावईबापूंनाही खरंच वाटतं. मास्तर तेवढे नाराज दिसले, त्यांच्या मते पहिली प्रत जास्त खोल होती. आणि मग जावईबापूंनी मान वर करून माझ्या खिडकीकडे हात केला आणि आमच्या मशीनवाल्यांचेही आभार मानू या म्हणाले. लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मोजून चार.

मी डबे बांधत होतो तेव्हा चिमणी वर आली. टेबलाशी उभी राहिली, चौथ्या डब्याचं झाकण उचललं, बोटाने चिठ्ठीची कड चाचपली.

“दादा, मागच्या वेळी चारच्या जागी पाच आला होता ना?”

मी म्हटलं, कसला पाच?

“पडद्यावर आकडा चमकला. मी वाचला की.” (तिला आकडे तुम्ही पाटीवर शिकवले नव्हते, रिळांच्या पट्टीवर शिकवले होते, हे मी विसरलो होतो.)

“मग बोलली का नाहीस तेव्हाच?”

“कुणाला बोलू? एकाचं नाक वाचवायला गेले की दुसऱ्याचं कापलं जात होतं. म्हटलं, असू देत दोन्ही जागच्या जागी.” मग झाकण बरोबर डब्यावर बसवून म्हणाली, “चिठ्ठी झाकणाला नको लावूस. डब्याला लाव.”

एवढं साधं मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. असो. पत्र लांबलं. गुडघ्याला शेक द्या आणि जिना टाळा. मामींना नमस्कार. मोठ्यांचा आशीर्वाद असावा, आणि शक्य झाल्यास तो थोडा माझ्या बाजूला कललेला असावा.

तुमचा भाचा

ता. क. स्प्लायसरचं मी वर काही लिहिलं नाही, कारण हे पत्र खुशालीचं आहे. पण विषय निघालाच आहे तर, जावईबापूंना तो देण्यापूर्वी एवढाच विचार करा, की ज्यांनी आयुष्यात फिल्मला हात लावला नाही ते त्याचं करणार काय? कागद दाबायला वापरतील. माझं एक रीळ चुकलं हे मी स्वतःच्या हाताने तुम्हाला लिहून दिलं आहे. त्यांनी काय लिहून दिलं आहे?

ता. क. २. स्वच्छ प्रत काढण्यात दोन दिवस गेले, ते बरं झालं. आज चिमणी सांगत होती की पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी तिने तुम्हाला सगळं कळवलं होतं. म्हणजे ‘ज्या माणसाला सिनेमा कळतो’ हे लिहिलंत तेव्हा माझं झाकण आणि जावईबापूंचं भाषण दोन्ही तुम्हाला माहीत होतं. मग हा माणूस कोण, याचा मी दुपारभर विचार करतो आहे. आमच्या दोघांपैकी कुणी असेल असं आता मलाही वाटत नाही.

ता. क. ३. पार्सल पोचलं. चिमणीच्या नावाचं. पितळ तुम्ही घासून पाठवलंत, छान दिसतं. वरची पहिली ता. क. वाचू नये. चिटणीसबाईंनी परवानगी दिली आहे, आता दर शनिवारी चिमणी मशीनरूममध्ये बसणार, तुटकी टोकं ती जोडणार आणि पट्ट्यांवरचे आकडे ती मोठ्याने वाचणार. मी ते आणखी एकदा वाचणार. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी राहील. आज जावईबापू जिन्यापर्यंत येऊन गेले आणि वर तुम्ही दोघं दोन तास एवढं काय बोलता असं विचारत होते. पाठीवर थाप मारली नाही. मी त्यांना दारावरची पाटी दाखवली, ‘कामाशिवाय आत येऊ नये’. (माझंच अक्षर.) ते तुम्हाला पत्र लिहिणार आहेत, आपल्यालाही वर बसण्याची परवानगी मिळावी म्हणून तुम्ही बाईंना शब्द टाकावा, असं. तुम्ही मोठे आहात, योग्य तेच कराल. फक्त उत्तर सावकाश द्या. गुडघ्याची काळजी घ्या. पोस्ट तुमच्या घरापासून लांब आहे.